डॉक्टरांच्या मिशा आणि मागची खोली

सई, तुझा व्हिडिओ फोन आला तेव्हा मी फराळाच्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. चकलीच्या डब्यात चकलीच असते आणि ती बाहेरूनही दिसते, तरी मी चिठ्ठी लावते, म्हणून तू हसलीस. मग सांगायला लागलीस, की तुझ्या विद्यापीठातल्या समुपदेशन केंद्राने तुम्हा मुलांचीच एक समिती नेमली आहे. खुर्च्या कशा असाव्यात, वेळ कोणती असावी, पहिल्या भेटीत काय विचारावं आणि काय विचारू नये, हे केंद्र आता तुम्हाला विचारून ठरवतं. "आजी, एकदम नवीन कल्पना आहे. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि फोनचा आवाज गेला. चित्र तेवढं राहिलं. तू थोडा वेळ बोलत राहिलीस, मग चित्रही गेलं.

ते उत्तर इथे लिहिते. दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्याकडून नोकरीतल्या आठवणी हव्याच होत्या. तुझ्या भावाला, ओमला, मराठी वाचायचा कंटाळा येतो. त्याला तू वाचून दाखव. मिशांचा भाग आला की तो नक्की ऐकेल.

सत्तरच्या दशकात, मोठा दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हा, मी सोलापुरात एका धर्मादाय दवाखान्याच्या मनोविकार विभागात समाजसेविका होते. समाजसेविका म्हटलं की लोकांना वाटे, ही दुधाची पावडर वाटणार, नाहीतर कुटुंबनियोजनावर बोलणार. माझं काम वेगळं होतं. डॉक्टर औषध लिहून देत. ते औषध घरी कोण देणार, कोण लपवून ठेवणार, कोण म्हणणार की पोरीला असलं काही दिलं तर तिचं लग्न जमायचं नाही, हे बघायला मी होते. आधी रुग्णाशी बोलायचं, मग घरच्यांशी, मग घरी जाऊन सगळ्यांशी पुन्हा पहिल्यापासून. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं आणि काम सगळं मराठीत, त्यातलं निम्मं कन्नड-तेलुगूच्या आधाराने. घरी तुझ्या पणजीबाई शेजारणींना सांगत, "सून दवाखान्यात असते." शेजारणी हळहळत.

विभागाचे डॉक्टर निमकर. पुण्याचे, अतिशय हुशार, मनाने मऊ. पण आधी नजरेत भरत त्या त्यांच्या मिशा. दाट, झुपकेदार, वरचा ओठ पूर्ण झाकून खालच्या ओठावर उतरलेल्या. ते बशीतून चहा पीत तेव्हा चहा आधी मिशांना मिळे.

खोली आम्ही दोघांनी मिळून निवडली होती. आमच्या पुस्तकांत लिहिलं होतं, की मनोरुग्णाशी बोलण्याची जागा शांत असावी. दवाखान्याची पुढची खोली शांत होती. समोर कडुनिंब, त्यापलीकडे रस्ता. एकच पंखा आत आणि बाहेर दोन्हीकडे पुरावा म्हणून विश्वस्तांनी मध्ये प्लायवुडचं पार्टिशन घातलं, तेही अर्ध्या उंचीचं. पलीकडे व्हरांड्यात बाकं. त्याच बाकांवर शेजारच्या डोळ्यांच्या विभागाचीही रांग बसे. बाकं मी फरशीच्या रेषेत लावून घेतली होती. खोली अशी देखणी दिसायची, की मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवायची.

मोठी माणसं येत आणि पुन्हा पुन्हा येत. तरुण मुलंमुली मात्र एकदा येत आणि गायब होत. डॉक्टर म्हणत, "या वयात चिकाटी नसते, बाई." मी मान हलवायची.

मग पद्मा आली.

पद्मा सतरा वर्षांची, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली. घरच्याच कारखान्यात तिचे वडील यंत्रमाग चालवायचे, आई चादरींच्या घड्या करायची आणि पद्मा कांड्या भरायची. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात जी सुताची लहान नळी बसते, ती कांडी. हसरी, बडबडी मुलगी म्हणून गल्लीत तिची ओळख. पण काही महिन्यांपासून ती भिंतीकडे तोंड करून बसे. जेवण जवळजवळ सुटलं होतं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

वडील तिला घेऊन आले. डॉक्टरांनी अगदी हळू विचारलं, "काय होतंय, पद्मा?"

ती पुटपुटली.

"काय? काय म्हणायली?" वडील ओरडले. रागाने नव्हे. उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला. कान अर्धे गेले होते आणि स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं.

पद्मा पुन्हा पुटपुटली. वडिलांनी डॉक्टरांना समजावून सांगितलं, म्हणजे अख्ख्या दवाखान्याला सांगितलं. "रडू येतंय म्हणती! कारण काय न्हाय म्हणती! घास गिळत न्हाय म्हणती! कारण न्हाय तर रडू कसं येतंय, डॉक्टरसाब?"

पार्टिशनच्या पलीकडून, डोळ्यांच्या रांगेतून, एका म्हातारीने उत्तर दिलं. "लगीन लावून द्या की! सगळं जागच्या जागी येतंय!"

बाकांवर हशा पिकला. पद्माने ओढणी तोंडावर ओढली. ती म्हातारी त्यांच्याच गल्लीतली निघाली. मोतीबिंदू असला तरी तिची जीभ शाबूत होती. संध्याकाळपर्यंत गल्लीला सगळं कळलं. पुढच्या गुरुवारी, ठरलेल्या तारखेला, पद्मा आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

डॉक्टर मला म्हणाले, "बाई, बाकीच्यांचं मी समजू शकतो. ही मुलगी हातची जाऊ देऊ नका. असं न खाता शरीर टिकायचं नाही."

मी तिच्या घरी निघाले. आमचा वॉर्डबॉय मल्लप्पा अक्कलकोटकडचा, तो म्हणाला, "अक्का, कानाला कापूस घेऊन जावा. तितं तुमी काय बोलणार आनी काय ऐकणार?"

कापूस घेतला नाही, ही चूकच झाली. कारखान्यात शिरले आणि आवाज छातीवर आदळला. माग, त्यावर चादरी, हवेत सुताचे बारीक तंतू. मी "नमस्कार" म्हणाले, तर माझा नमस्कार मलाच ऐकू आला नाही. म्हणून ओरडले. आणखी ओरडले. आणि मग लक्षात आलं, की तिथे ओरडणारी मी एकटीच आहे.

पद्माचे वडील, जे दवाखान्यात भिंती हलवत होते, ते इथे आवाजही न काढता बोलत होते. नुसते ओठ हलत होते, हाताची एखादी खूण होत होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेली आई ते बघून हसली, काहीतरी उलट म्हणाली, आणि वडिलांनी कपाळावर हात मारला. अख्खं भांडण झालं, मिटलं, आणि मला एक शब्द कळला नाही.

कोपऱ्यात कांड्या भरत पद्मा बसली होती. ती उठली, माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली, "बाई, वरडू नका. हितं वरडणारा माणूस नवखा असतोय."

मी तिच्या कानाला तोंड लावलं. "तू आली नाहीस."

"तुमच्या खोलीत कसं बोलू? तितं टाचणी पडली तर डोळ्याच्या लायनीतल्या म्हातारीला ऐकू जाती."

"मग कुठे बोलशील?"

"हितंच बोलते की. हितं कोण ऐकतंय?"

आणि ती बोलली. आईवडील चार हातांवर होते. मी तिच्या ओठांकडे बघत होते; जे कळत नव्हतं ते ती कानात सांगत होती. काय बोलली ते मी तेव्हा डॉक्टरांखेरीज कुणाला सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. शेवटी मी विचारलं, "आमच्या दवाखान्यात काय बदललं तर तू येशील?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की प्रश्न बरोबर पण बाई जरा उशिराच आल्या. "गिऱ्हाईक आलं की नायना विचारतात, रंग कुठला, काठ कसला. तुमी कुणाला कदी विचारलंय काय?" वडिलांना ती नायना म्हणे. मग म्हणाली, "मी एकटी सांगणार न्हाय. बाकीच्या पोरांनाबी बोलवा. आनी मी पेशंट म्हणून येणार न्हाय. नुसती येणार."

डॉक्टरांना सांगितलं. ते जरा वेळ मिशांवरून बोट फिरवत बसले. "पुस्तकात असं कुठे नाही, बाई."

"आपल्या पुस्तकात सोलापूरही नाही," मी म्हणाले.

रविवारी सकाळी विभाग बंद असे. एकदा येऊन पळालेल्या मुलांना आम्ही त्या दिवशी बोलावलं. सगळी आली नाहीत. एक बाक भरेल इतकी आली. मल्लप्पाने चहा आणि गरम भजी आणली आणि जाण्याऐवजी दारातच उभा राहिला. सुरुवातीला सगळी भजीकडेच बघत होती. मग सिद्धारामने तोंड उघडलं. हा कॉलेजात शिकणारा, घरी कानडी बोलणारा मुलगा. परीक्षेच्या हॉलमध्ये त्याचे हात इतके थरथरत, की पेन सुटून खाली पडे. पण जीभ कधी थरथरली नाही.

"आदी ती पाटी काढा," तो म्हणाला. "मनोविकार! केवढं मोठं अक्षर! माझा मामा सायकलवरनं जाताना वाचतोय आनी घरी येऊन आईला विचारतोय, सिद्धू तितं कशाला बसला होता म्हणून."

"मग काय लिहायचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कायबी लिहू नका. ज्याला यायचंय त्याला म्हायती असतंय."

"आणि ज्याला माहीत नाही त्याला?"

"त्याला मल्लप्पा सांगतोय की! अख्ख्या सोलापूरला सांगतोय. 'डोक्याचं पेशंट कोण हाय, पुडं या!'"

"मग काय म्हणू?" दारातून मल्लप्पा चिडला. "गुडग्याचं पेशंट म्हणू?"

यावर मुलांनी तोडगा काढला: प्रत्येकाला एका फळाचं नाव द्यायचं आणि मल्लप्पाने फळ पुकारायचं. नंतर आम्ही तेही करून पाहिलं. मल्लप्पाने गेटपर्यंत जाईल अशी हाक दिली, "सीताफळ! सीताफळ कोण हाय?" आणि बाहेर टोपली घेऊन बसलेली फळवाली आत आली. "कितीची देऊ?" शिवाय आंबा होण्यावरून दोघांत भांडण झालं. ती कल्पना तिथेच संपली. पुढे मल्लप्पाने आपणच ठरवलं, की हाक मारायचीच नाही. जवळ जायचं आणि खांद्याला हात लावायचा. ते शेवटपर्यंत टिकलं.

त्या रविवारी डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर बरीच चर्चा झाली. सिद्धाराम म्हणाला, कोटाची भीती वाटते. दुसरा म्हणाला, कोट काढला तर डॉक्टर विमा एजंटसारखे दिसतात आणि त्याची जास्त भीती वाटते. कोट राहिला.

मग एका मुलीने खाली बघत विचारलं, "शॉक देणार असला, तर आदी सांगणार काय?"

भजी खाणारे हात थांबले. तोच प्रश्न सगळ्यांच्या पोटात होता, हे मला त्या क्षणी कळलं. डॉक्टरांनी हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "सांगेन. का द्यायचा तेही सांगेन. गोळी कसली आहे आणि तिने काय होतं, तेही." हा शब्द त्यांनी पाळला.

भजी पद्माच्या हातात तशीच होती, न चावलेली. उठताना म्हणाली, "आनी ही खोली नको. ती मागची द्या."

मागची खोली म्हणजे मोडक्या खाटांची अडगळ. तिची भिंत टॉवेलच्या कारखान्याला लागून होती. दिवसभर भिंत नुसती थरथरायची. म्हणूनच ती कुणी घेत नसे.

"तिथे तर काही ऐकूच येत नाही!" डॉक्टर म्हणाले.

सगळी मुलं एकदम हसली. "म्हणून तर!" सिद्धाराम म्हणाला.

"अरे, पण मला कसं ऐकू येणार?"

"ऐकायचं कशाला, डॉक्टर? बघायचं," पद्मा म्हणाली. त्या बाकावर निम्मी मुलं मागांवरच्या घरांतली होती. त्यांनी माना डोलावल्या. मग तिने डॉक्टरांकडे नीट निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "पण तुमचं बोलणं दिसणार कसं? मिशा हायत."

डॉक्टरांचा हात मिशांवर गेला.

"सगळं ओठ झाकलंय. तुमी हसलाव का रागावलाव, तेबी कळत न्हाय." ती दाराशी गेली आणि वळून म्हणाली, "गुरुवारी येऊन बघते. मिशा असल्या तर तशीच परत जाते."

मल्लप्पाने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

विश्वस्तांना अडगळीची खोली मागितली तेव्हा त्यांनी आनंदाने दिली. फुकटात खाटा हलल्या. मिशा मात्र विश्वस्तांच्या हातात नव्हत्या. डॉक्टर मला रोज व्हरांड्यात गाठत. "बाई, ह्या एम.बी.बी.एस.च्या आधीपासूनच्या आहेत." दुसऱ्या दिवशी, "लग्नात सासऱ्यांनी यांचंच कौतुक केलं होतं." तिसऱ्या दिवशी, "तिने माझ्याकडे बघण्याऐवजी तुमच्याकडे बघितलं तर नाही का चालणार?" मी रोज पद्माच्या घरी जात होते. ती ताकाच्या पलीकडे काही घेत नव्हती, आणि भिंतीकडून वळलेलं तोंड पुन्हा भिंतीकडेच गेलं होतं.

गुरुवार आला. मागची खोली मी स्वतः धुऊन काढली, खुर्च्या एका ओळीत मांडल्या आणि व्हरांड्यात आले. गेटवर मल्लप्पाचा आवाज ऐकू आला, "ओ सायेब, कुटं निगालाव? लायनीत बसा."

"मल्लप्पा, मी आहे."

"मी म्हंजे कोण?" आणि मग स्टूल घाईने मागे सरकल्याचा आवाज.

डॉक्टर आत आले. नाकाखाली इतकी मोकळी जागा असते हे मला माहीत नव्हतं. मी हसले नाही. आयुष्यात केलेल्या अवघड कामांत हे मोजायला हरकत नाही. ते म्हणाले, "घरी धाकटा मुलगा जवळ येत नाहीये." आणि आम्ही दोघं मागच्या खोलीत जाऊन दाराकडे बघत बसलो.

आली. वडिलांबरोबर, ओढणी घट्ट गुंडाळून. दारातूनच तिने डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं. मी वडिलांना बाहेर बसायची विनंती केली.

"मी भाईर?" भिंत मागांमुळे हलत होती, तरी हा आवाज ऐकू आला. "मी बाप हाय तिचा!"

पद्मा त्यांच्याकडे वळली आणि आवाज न करता काहीतरी म्हणाली. वडील बाहेर जाऊन बाकावर बसले. मी पाठोपाठ गेले, काय म्हणाली ते विचारलं. ते, जन्मात पहिल्यांदाच असेल, हळू बोलले. "म्हणाली, हितंच बसा. जाऊ नका."

मी परत आत आले. पद्माने आधी मी मांडलेली एक खुर्ची उचलून तिरकी केली. खिडकीचा उजेड डॉक्टरांच्या तोंडावर पडला पाहिजे, अशी तिने खूण केली. ओळ मोडली. माझे हात शिवशिवले, पण मी ते मांडीखाली घेतले. डॉक्टर बोलू लागले, सावकाश, एकेक शब्द. पद्मा ओठांकडे एकटक बघत होती. मग पुढे वाकून त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डॉक्टर, तुमचं वरचं ओठ लई गोरं हाय."

डॉक्टर हसले. ते हसलेले दिसले. आणि पद्माही हसली, जरा वाकडं, विसरलेलं काम हाताला पुन्हा लागावं तसं. त्यानंतर ती बोलायला लागली, आणि पलीकडचे टॉवेल विणले जात असेपर्यंत बोलत राहिली.

ती लगेच बरी झाली असं नाही. असं कुणीच होत नाही. पण ती दर गुरुवारी आली. एकदा भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेऊन आली, रांगेत सगळ्यांना वाटली आणि शेवटची भाकरी स्वतः बसून खाल्ली. मल्लप्पा मला बोलवायला धावत आला. आम्ही दोघं खांबाआडून बघत होतो, जणू भाकरी खाणारी मुलगी सोलापुरात प्रथमच दिसत होती. पुढे नवी मुलं आली की तीच त्यांना शिकवायची: कुठे बसायचं, कुणाच्या ओठांकडे बघायचं, मल्लप्पाला का घाबरायचं नाही. ओठ वाचायला मलाही तिनेच शिकवलं. रविवारच्या बैठका बरीच वर्षं चालल्या. मिशा परत आल्या नाहीत.

मग नवी इमारत झाली. जाड भिंती, गुळगुळीत फरशी, इतकी शांतता की स्वतःचं गिळणं ऐकू यावं. ती कशी असावी हे मुलांना कुणी विचारलं नाही. डॉक्टर पुण्याला परत गेले होते, माझी निवृत्ती जवळ आली होती. आम्ही भांडायला हवं होतं, पण आम्ही उद्घाटनाचे पेढे खाल्ले. त्याची खंत आहे. म्हणून तुझी समिती ऐकून मला इतका आनंद झाला. नवी कल्पना आहे असं म्हणालीस, त्याबद्दल माफ केलं.

आता त्या दिवशीच्या फोनबद्दल. आवाज गेल्यावर तू थोडा वेळ समितीबद्दलच बोलत होतीस. मग "आजी? ऐकू येतंय?" असं विचारलंस. ऐकू खरंच येत नव्हतं, म्हणून मी मान हलवली नाही, तेव्हा तुला वाटलं की सगळंच बंद पडलंय. आणि पडद्याकडे बघून तू आणखी एक वाक्य बोललीस, कुणालाच न सांगितल्यासारखं.

सई, तुझ्या टेबलावरचा दिवा बरोबर तुझ्या तोंडावर होता. मला दिसलं.

काय दिसलं ते इथे लिहीत नाही. दिवाळी अंकाचं पार्टिशनही अर्ध्या उंचीचंच असतं. गुरुवारी दुपारी व्हिडिओ लाव. घरात तुझी काकू असेल, पोळ्यांच्या बाई असतील, असू देत. मी खिडकीकडे तोंड करून, खुर्ची तिरकी घालून बसेन, आणि शेजारी मिक्सर चालू ठेवेन.